श्रोते आमचे, पत्ते मात्र अ‍ॅपकडे

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री,
स. न. वि. वि.

स्वतंत्र संगीतकारांचा विषय निघाला की बोलणी अनुदान, स्पर्धा आणि एखादा महोत्सव यांपाशी येऊन थांबतात. अनुदान कुणाला नको असते? पण आमचे घोडे पेंड खाते ते दुसरीकडेच.

गाणे रेकॉर्ड करणे आता अवघड राहिलेले नाही. एका लॅपटॉपवर होते, आणि जगभरच्या स्ट्रीमिंग सेवांवर चढवणे त्याहून सोपे. म्हणूनच तर ही झुंबड. २०२३ च्या सुरुवातीला रोज एक लाखाहून जास्त नवी गाणी या सेवांवर येत होती.

गेल्या वर्षी माझे एक गाणे कुठल्याशा प्लेलिस्टमध्ये शिरले. आठवडाभर आकडा नुसता धावत होता. मग गाणे यादीतून निघाले आणि आकडा जागच्या जागी बसला. ऐकणारे कोण होते? मला शहरांची नावे आणि वयोगटांचा तक्ता दिसतो, माणूस दिसत नाही. जे मला फॉलो करतात त्यांनाही मी निरोप धाडू शकत नाही. नवे गाणे त्यांच्यासमोर येणार की नाही, हे अ‍ॅप ठरवते.

याउलट कार्यक्रम संपल्यावर मी दाराशी एक वही ठेवते. ज्यांना आवडले ते नाव आणि ईमेल लिहून जातात. आज त्यात दोनशेच्या आसपास नावे आहेत. नवे गाणे आले की मी त्यांना स्वतः कळवते, आणि बरेच जण खरोखर ऐकतात, उत्तरही देतात. अर्थात बाजाराच्या हिशेबात ही चिल्लर. स्पॉटिफायने २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचा मोबदला देणे थांबवले आहे. म्हणजे माझ्या वहीतल्या प्रत्येकाने ते पाच-पाच वेळा ऐकले, तर कुठे उंबरठा गाठला जाईल.

म्हणून मागणी एवढीच: गाणे वाजत असताना श्रोत्यासमोर ‘या कलाकाराला माझा ईमेल द्या’ असे बटण असावे, असा नियम करा. श्रोत्याने दाबले तरच पत्ता मिळावा आणि त्याला तो हवा तेव्हा मागे घेता यावा. युरोपीय संघाच्या २०१८ पासूनच्या नियमांत माणसाला स्वतःची माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहेच. हे त्याच्या पुढचे पाऊल. कंपन्या खासगीपणाकडे बोट दाखवतील. पण इथे संमती श्रोत्याचीच आहे. तांत्रिक अडचणही सांगू नये: कलाकार आपली गाणी थेट श्रोत्यांना विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर गाणे विकत घेणाऱ्याला आपला ईमेल कलाकाराला देता येतो.

फ्रान्सने २०२४ पासून स्ट्रीमिंग सेवांच्या उलाढालीवर १.२ टक्के कर लावला आणि तो पैसा संगीताच्या राष्ट्रीय संस्थेकडे वळवला. तेही जरूर करा. फक्त निधी आला की वाटपाची समिती येते, आणि समितीपर्यंत पोचायला ओळख लागते. बटणाला ओळख लागत नाही.

या विषयावर बैठक बोलावलीत तर कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर आमच्यातल्याही दोघा-चौघांना बोलवा. मी वही घेऊन येईन. उघडून मात्र दाखवणार नाही; ती नावे लोकांनी माझ्यापुरती दिली आहेत.

आपली नम्र,
एक गायिका