सव्वादहा वाजता संपलेला हंगाम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या आतल्या पानावर जिल्हास्तरीय शालेय बास्केटबॉल स्पर्धेची बातमी होती. पाच ओळींची. कोण जिंकलं, बक्षीस कोणाच्या हस्ते झालं आणि व्यासपीठावर कोण कोण होतं. पाचांतल्या तीन ओळी व्यासपीठालाच गेल्या होत्या, पण ते असो. हे पत्र त्या बातमीत नसलेल्या शाळांविषयी आहे, पहिल्याच फेरीत घरी गेलेल्या. माझी शाळा वर्षानुवर्षं त्यांतलीच.

इंदूरच्या एका शाळेत मी ३४ वर्षं खेळाची शिक्षिका होते. ग्वाल्हेरला १९५७ साली निघालेल्या लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालयात शिकले, १९८४ला नोकरीला लागले, २०१८ला सुटले. शाळेचं नाव घालत नाही. नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते.

१९९६ची गोष्ट. जिल्हा स्पर्धेसाठी मुलींचा संघ घेऊन गेले होते. दोन महिने रोज सकाळी साडेसहाला सिमेंटच्या कोर्टावर सराव केलेला. ते कोर्ट असं, की पडलं तर गुडघ्याचं साल तिथेच राहायचं. रिंगला जाळी नव्हती, म्हणून बॉल आत गेला की बाहेरून गेला यावर रोज भांडण. टेम्पो ठरवला, दोन डझन केळी घेतली, एकीच्या आईने रात्री जागून शेंगदाण्याची चिक्की केलेली. संघ भरपूर आणि कोर्ट दोनच, त्यामुळे वेळ वाचवायला आयोजकांनी दहा-दहा मिनिटांचे दोनच हाफ ठेवले होते. साडेनऊला शिट्टी वाजली. सव्वादहाला आम्ही १८–१६ने हरून कोर्टाबाहेर उभ्या होतो. चिक्कीचा डबा अजून उघडलासुद्धा नव्हता.

आमची गार्ड, म्हणजे मागून बॉल पुढे आणणारी खेळाडू, बारावीतली होती. बुटाची नाडी सोडता सोडता तिने मान वर न करताच विचारलं, "मॅडम, अब अगली मॅच कब है?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. म्हटल्यावर लक्षात आलं की हिला पुढचं वर्ष नाही.

हे मी विसरले होते असं नाही, पण त्यात काही वावगं आहे असंही मला तेव्हा वाटलं नव्हतं. स्पर्धा म्हणजे अशीच असते, हरला तो गेला. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत सहा महिने राहून आले, तेव्हा ती नाडी पुन्हा डोळ्यांसमोर आली.

माझी मुलगी ओहायो राज्यात राहते. मी ऑगस्टच्या मध्याला पोहोचले आणि फेब्रुवारी लागता लागता परतले. नात दहावीत, तिथल्या सरकारी हायस्कुलात. पोहोचल्यावर आठवडाभरातच फुटबॉल सुरू झाला. आपला फुटबॉल नव्हे, त्यांचा. शिरस्त्राण घालून अंगावर धावून जायचा. पहिल्या दिवशी मला ओ की ठो कळलं नाही. पाच सेकंद खेळ आणि मग अर्धा मिनिट पंचायत. जावयाने समजावलं की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर आणखी चार प्रयत्न. पुरते दहा यार्ड झाले का याची शंका आली की दोन माणसं काठ्यांना बांधलेली साखळी घेऊन मैदानात धावत येतात आणि पटवारी शेत मोजतो तसं मोजतात. मला त्या खेळात सगळ्यात आवडली ती ही साखळी. बाकी खेळ मला आवडला असं खोटं कशाला सांगू? पोरं डोक्यावर डोकं आपटतात, मैदानाशेजारी अँब्युलन्स उभी असते, आणि ती शोभेला नसते हे एका शुक्रवारी डोळ्यांनी पाहिलं.

पण खेळाभोवतीची मांडणी पाहून मी थक्क झाले. दर शुक्रवारी संध्याकाळी सामना. ऑगस्टच्या अखेरीपासून ओळीने दहा आठवडे, दहा सामने. पहिला हरलात तरी दुसरा आहेच, नऊ हरलात तरी दहावा आहे. बाद फेऱ्या त्याच्यानंतर, ज्यांनी कमावल्या त्यांच्यासाठी. गेटवर तिकिटं फाडायला उभे कोण, तर नातीचे गणिताचे सर! आमच्या शाळेत गणिताचे सर खेळाशी एकदाच संबंध ठेवायचे, परीक्षा जवळ आली की माझा पीटीचा तास मागायला.

तिथे १९६१चा एक कायदा आहे. हंगामाच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी टीव्हीवर व्यावसायिक फुटबॉल दाखवून शाळा-कॉलेजच्या सामन्यांचे प्रेक्षक पळवले जाऊ नयेत, अशी त्यात तजवीज केलेली आहे. त्यांचा व्यावसायिक फुटबॉल मुख्यतः रविवारी असतो, त्याचं एक कारण हे. शाळेतल्या पोरांच्या सामन्याला गर्दी व्हावी म्हणून देशाचा कायदा! त्याच राज्यात मॅसिलॉन नावाचं गाव आहे. तिथे मुलगा जन्मला की त्याला इवलासा फुटबॉल भेट मिळतो. शेजारच्या कँटनच्या शाळेशी त्यांची लढत १८९४पासून चालू आहे. आपण पाचवीला सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. त्यांनी ललाटीचा लेख आधीच ठरवून टाकलाय म्हणायचं. हे वेड इंदुरात आणा असं मी मुळीच म्हणत नाही.

मला सांगायचंय ते नोव्हेंबरपासूनचं. थंडी पडली, फुटबॉलचं मैदान बंद झालं आणि त्याच आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये बास्केटबॉलचा आवाज सुरू झाला. हा खेळ जन्मला तोच मुळी या फटीतून. १८९१च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ नावाचे व्यायामशिक्षक होते. शरदातला फुटबॉल संपला, वसंतातला बेसबॉल दूर आणि बाहेर बर्फ. कंटाळलेल्या पोरांना हॉलमध्ये काय खेळायला द्यावं म्हणून त्यांनी पीचच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. कठड्याची उंची होती दहा फूट. रिंग आजही तेवढ्याच उंचीवर आहे. ग्वाल्हेरला हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. एका हंगामाची जागा दुसऱ्याने भरून काढायला हा खेळ निघाला, हे मात्र ओहायोच्या थंडीत बसल्यावर कळलं.

नात शाळेच्या दुसऱ्या संघात. मुख्य संघात जागा नाही मिळाली म्हणून तिला घरी बसवलेलं नव्हतं. दुसऱ्या संघाचंही वेळापत्रक असतं, दुसऱ्या शाळांच्या दुसऱ्या संघांशी. नोव्हेंबरअखेरचा पहिलाच सामना त्या ३० गुणांनी हरल्या. गाडीत मी गप्प. तिला काय बोलावं, याची मनात जुळवाजुळव करत होते. तिने सँडविच काढलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाली, "आजी, मंगळवारी परत आहे, तू येशील ना?" जानेवारीत तीच शाळा समोर आली, कारण प्रत्येकीशी दोनदा खेळायचं असतं, एकदा आपल्याकडे, एकदा त्यांच्याकडे. या वेळी चार गुणांनी हरल्या. मधल्या सात आठवड्यांत मी त्या पोरींना शिकताना पाहिलं. अंगावर माणूस आला की डोळे मिटून पास टाकणारी एक लांबुडकी मुलगी होती. डिसेंबरात ती अर्धा क्षण थांबायला लागली. तो अर्धा क्षण सरावात येत नाही. तो सामन्यातच येतो, आणि तोही सहाव्या-सातव्या सामन्यात. ३४ वर्षं मी मुलींना एका सामन्यात तो आणायला सांगत होते.

मुलींच्या बाबतीत तिथेही सगळं आधीपासून असंच नव्हतं. १९७१-७२ साली हायस्कुलातल्या खेळांत तिथे तीन लाखांहून कमी मुली होत्या. १९७२ला शिक्षणात मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घालणारा कायदा झाला, आणि आज ती संख्या तीस लाखांच्या वर आहे. म्हणजे माझ्या मुलीच्या वयाच्या बायकांना तिथे जे आयतं मिळालं, ते त्यांच्या आयांना मिळालेलं नव्हतं.

आता आपला हिशेब. समजा ३२ शाळा जिल्ह्याला उतरल्या. बाद पद्धतीने एकूण ३१ सामने होतात. त्यातल्या १६ शाळा एकच सामना खेळून परत जातात, आठ शाळा दोन खेळतात. वर्षभर घाम गाळलेल्या निम्म्या मुलांच्या वाट्याला वीस-पंचवीस मिनिटांचा खेळ. त्याच शाळांचे आठ-आठचे चार गट करा. प्रत्येक गटात २८ सामने आणि प्रत्येक शाळेला सात. सगळ्यात वाईट खेळणाऱ्या शाळेलासुद्धा सात!

स्पर्धा भरवणाऱ्यांवर माझा राग नाही. मी त्यांच्यातच बसून चहा प्यायले आहे. शालेय क्रीडा महासंघ १९५४चा. जिल्हा, संभाग, राज्य, राष्ट्रीय ही उतरंड वरचा संघ निवडायला बांधलेली आहे, आणि दोन दिवसांत दोन कोर्टांवर निवड उरकायची तर बाद पद्धतच लागते. अडचण एवढीच, की त्या निवडीशिवाय शाळेच्या वर्षात दुसरा सामनाच नसतो. लग्नाआधी कांदेपोहे असतात ते ठीक, पण आमच्याकडे कांदेपोह्यांवरच संसार आटोपतो.

माझी सूचना फार मोठी नाही. राजेंद्र नगर, सुदामा नगर, अन्नपूर्णा, लोकमान्य नगर या आपल्या पश्चिमेकडच्या पट्ट्यातल्या आठ शाळांनी एकत्र यावं. जुलैपासून सात शनिवार फुटबॉल, तोही आपला साधा, पायाने खेळायचा. पावसात चिखल होईल. होऊ दे, पोरांना चिखलाचं वावडं नसतं, आपल्यालाच असतं. पावसाळ्यात सिमेंटच्या कोर्टावर शेवाळ धरतं आणि घोटे मुरगळतात, म्हणून बास्केटबॉल दिवाळीनंतर. सहामाहीचा आठवडा सोडून संक्रांतीपर्यंत सात शनिवार सहज निघतात. पुढे बोर्डाची परीक्षा, तेव्हा कोणी मैदानाकडे फिरकत नाही. रेफ्री म्हणून तिसऱ्या शाळेचा खेळशिक्षक. प्रवास सायकलीचा, त्यामुळे टेम्पोचं भाडं नाही. करंडक नकोच. करंडक आला की व्यासपीठ येतं आणि व्यासपीठ आलं की पाहुण्यांची वाट पाहत पोरं उन्हात उभी राहतात.

हे ठरल्या वेळी दर शनिवारी होणार नाही, असं माझे जुने सहकारी म्हणतात. या शहरात कचरागाडी रोज सकाळी ठरल्या वेळी दारात येऊन गाणं वाजवते. त्याआधी तेही कोणाला खरं वाटलं नसतं.

एक मागणी आपल्याकडेही आहे. ओहायोतल्या त्या गावच्या वर्तमानपत्रात शनिवारी सकाळी शाळांचे निकाल छापून यायचे. नुसती नावं आणि आकडे, बारीक टायपात, पण एकूण एक शाळेचे. हरलेल्यांचेही. नात आपल्या शाळेची ओळ बोटाने शोधायची. आपण सोमवारच्या अंकात चार सामन्यांच्या चार ओळी द्याल का? व्यासपीठाच्या तीन ओळी वाचतील त्यात जवळजवळ भागतं.

आणि एक वस्तू माझ्याकडे पडून आहे. १९८८ला शाळेसाठी बास्केटबॉलची स्कोअरबुक विकत घेतली होती. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर सामन्यांची. नातीच्या सामन्याला मी हौसेने स्कोअररच्या मागे बसायचे. त्या बाईंची वही जानेवारीतच भरत आली होती. माझी वही मी निवृत्त होताना मुख्याध्यापकांना परत करायला गेले, तर ते म्हणाले, जुनी झाली, राहू द्या तुमच्याकडेच. घरी येऊन पानं मोजली. तीस वर्षांत ४३ सामने भरले होते. १९९६च्या पानावर १८–१६ आहे, आणि खाली माझ्याच अक्षरात त्या गार्डच्या नावापुढे सात गुण. त्याच्यापुढचं पान १९९७चं.

५७ पानं कोरी आहेत. वर सांगितलेल्या आठांपैकी ज्या शाळेच्या अंगणात पहिला शनिवार होईल, तिथे वही आणि दोन टोक केलेल्या पेन्सिली घेऊन साडेतीनला हजर राहीन. गुडघे दुखतात, तेवढी एक खुर्ची ठेवावी.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
राजेंद्र नगर, इंदूर