पेटी घरीच ठेवून ये

प्रिय पक्या,

फोनवर हसलास ना, की पेटी नाही तबला नाही मग ते कसलं नाटकातलं गाणं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमचा शरणपूर रोडचा ग्रुप सध्या इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सची तीन शेक्सपिअर गाणी बसवतोय, १९५१ सालची, नुसत्या गळ्यांवर. मॅडम ट्यूनिंग फोर्क गुडघ्यावर आपटून कानाशी धरतात, चारही आवाजांना आपापला सूर गुणगुणून देतात आणि बस, पुढे तानपुरासुद्धा नाही रे! शेवटाला पट्टी हमखास उतरलेली असते आणि सगळे बेसवाल्यांकडे, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजात गाणाऱ्या आमच्याकडे, बघतात.

पहिलं 'टेम्पेस्ट'मधलं. एरियल नावाचं भूत राजपुत्राला सांगतं की तुझा बाप पाच फॅदम म्हणजे तीस फूट पाण्याखाली पडलाय, हाडांचं पोवळं झालं, डोळ्यांचे मोती. घंटेचं डिंग-डाँगपण गळ्यानेच काढायचं, एकमेकांवर चढत, मागेपुढे. आणि नाटकात तो बाप ठणठणीत जिवंत आहे, एरियल चक्क थाप मारतंय!

मला झपाटलंय ते दुसऱ्याने. ते मुळात गाणं नाहीच, त्याच नाटकाच्या चौथ्या अंकातलं प्रॉस्परो या जादूगाराचं बोलणं आहे, ढगांना टेकलेले मनोरे, महाल, देवळं, सगळं विरून जाणार म्हणतो तो. आता हे एका म्हाताऱ्याचं बोलणं सगळे मिळून गातात, त्यामुळे ते कुणा एकाचं राहतच नाही. आपल्याकडे पद म्हटलं की नटाचा गळा, ताना, वन्स मोअर, शब्द गेले गोदावरीत. इथे तानेला जागाच नाही, सगळे आवाज मिळून संथ सरकतात आणि मधेच असा काही सूर बदलतो की अंगावर काटा येतो. व्हॉन विल्यम्सच्या १९४८ च्या सहाव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचा, शेवटचा भागपण ऐक, अख्खा दबक्या आवाजात आहे, त्याचा अर्थ सांगायला त्याने याच भाषणातल्या ओळीकडे बोट दाखवलं होतं.

पुढे मॅकबेथच्या चेटकिणी घेणार आहोत, फिनलंडच्या मांट्युयार्वीने १९८४ मध्ये स्वरबद्ध केलेल्या. मग मी म्हटलं, तात्यासाहेब शिरवाडकरांच्या गावात राहतो आपण, 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांचं एखादं स्वगत असं चार आवाजांत का नको? मॅडम म्हणे मराठीला हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळे सूर, मानवत नाही. मला नाही पटत, नांदी आपण समूहानेच म्हणतो की, फक्त सगळे एका सुरात.

टेनरला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाला, माणसं कमी आहेत. रविवारी ये, पेटी मात्र आणू नकोस.

तुझाच,
बाळ्या