जेवताना एकाच गालावर घाम येतो तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या आरोग्य पुरवणीतला घामावरचा लेख वाचला. लेख चांगला आहे. फक्त जेवताना चेहऱ्यावर येणाऱ्या घामाच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आलं आहे: तिखट खाल्लं की घाम येतो, काळजीचं कारण नाही. हे वाक्य चुकीचं नाही. पण याच समजुतीवर मी सव्वा वर्ष काढलं आणि माझ्या थोरल्या भावाने त्याहून जास्त, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

मी शिवणकाम करते, ३१ वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या कानाखाली एक गाठ हाताला लागली. गालगुंड झाल्यावर जी लाळेची ग्रंथी सुजते, तिच्यातच होती. डॉक्टर तिला पॅरोटिड म्हणतात. तपासणीत गाठ साधी निघाली, पण काढावी लागणार होती. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीच्या आतून जाते. ऑपरेशनआधी डॉक्टरांचं सगळं बोलणं त्या नसेविषयीच झालं, आणि ती त्यांनी नीट सांभाळली. माझा डोळा पूर्ण मिटतो, हसताना ओठ वाकडा होत नाही. त्यांच्या हाताबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कानाची पाळी आणि कानापुढची थोडी कातडी बधिर राहिली, तेही त्यांनी आधी सांगितलं होतं.

घामाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला नऊ महिने झाले असतील. आम्ही दोघी मायलेकी जेवत होतो. मुलगी एकदम म्हणाली, ‘‘आई, तुझ्या कानापुढून पाणी ओघळतंय.’’ मी हात लावला तर बोटं ओली. मला पत्ताच नव्हता, कारण ती जागाच बधिर. थेंब गालावरून उतरून मानेवर, जाणीव असलेल्या कातडीवर आला की मगच मला कळायचं. डावा गाल कोरडा ठणठणीत.

त्या दिवसापासून मी स्वतःवर नजर ठेवली. आंबट खाल्लं की सर्वात जास्त. लिंबाची फोड नुसती चोखली तरी दोन मिनिटांत कानापुढे दवासारखे बारीक थेंब उभे राहायचे, मग ते एकमेकांत मिसळून धार लागायची. तिखट मी पूर्ण बंद केलं, काही फरक नाही. पंख्याखाली बसले, फरक नाही. अगदी साधं, बेचव असं काही चावत राहिलं तरी थोडा घाम यायचाच, आणि तेवढी जागा लालही व्हायची. जेवण आटोपलं की सगळं शांत.

मला सगळ्यात मोठी भीती वाटली ती माझ्या धंद्यामुळे. मला वाटलं आतली शिवण उसवली. लाळेची ग्रंथी कापली होती, तेव्हा ही लाळच कातडीतून बाहेर येत असणार. शेजारच्या दवाखान्यात विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘वयामुळे होतं, तिखट कमी खा.’’ मी गप्प बसले. चारचौघांत जेवायचं टाळायला लागले. कुठे जावंच लागलं तर उजवी बाजू भिंतीकडे येईल अशी जागा शोधायची आणि डाव्या हातात रुमाल घडी करून ठेवायचा. गिऱ्हाइकाचं माप घेताना तोंडात साधी गोळीही ठेवायची नाही, कारण घामाचा थेंब नव्या कापडावर पडला तर? जेवणावर वासना राहिली नाही असं घरच्यांना वाटत होतं. वासना होती, पण बसायची लाज वाटायची.

पुढे कान-नाक-घशाच्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे कानाच्या वेगळ्याच तक्रारीसाठी गेले आणि जाता जाता हे विचारलं. त्यांनी लगेच खुर्ची ओढली. ‘‘घाम एकाच बाजूला येतो ना? आणि कानाखालचं ऑपरेशन झालंय?’’ एवढं विचारून त्यांनी एक तपासणी केली, ती मी विसरणार नाही. दोन्ही गालांवर आयोडीन लावलं आणि वाळू दिलं. त्यावर स्टार्चची पांढरी भुकटी पसरली. मग आंबट गोळी चघळायला दिली आणि हातात आरसा. आधी काहीच नाही. मग उजव्या कानापुढे सुईच्या टोकाएवढा एक काळानिळा ठिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता ठिपके वाढले, जुळले, आणि कानाच्या पाळीपासून गालाच्या हाडाखालपर्यंत एक काळसर आकार तयार झाला. डावीकडे पांढरी भुकटी होती तशीच. घामाचं पाणी लागलं की आयोडीन आणि स्टार्च मिळून हा रंग येतो. मायनर या रशियन डॉक्टरांच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. तो आकार मी घरी येऊन आठवणीने कटिंगच्या कागदावर काढला: अडीच इंच उंच, दोन इंच रुंद. सव्वा वर्ष जे मला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं, ते आता कागदावर होतं.

याला फ्रे सिंड्रोम म्हणतात. वुत्स्या फ्रे या पोलंडच्या मज्जातंतुतज्ज्ञ. १९२३ मध्ये त्यांनी जबड्याजवळ गोळी लागलेल्या एका जखमी सैनिकाची हकीकत लिहिली. जेवताना त्याच्या एका गालावर घाम यायचा. या घामामागे कानापुढून जाणारी एक विशिष्ट नस आहे हे त्यांनी उलगडून दाखवलं. ज्यू असल्यामुळे १९४२ मध्ये, नाझींच्या ताब्यात असलेल्या ल्वूव्ह शहरात त्यांचा जीव घेतला गेला. माझ्या त्रासाला ज्या बाईंमुळे नाव मिळालं त्यांचा शेवट असा झाला हे वाचून मी बराच वेळ मशीनवर नुसतीच बसून होते.

आत काय होतं ते डॉक्टरांनी मला माझ्याच भाषेत सांगितलं. घास तोंडात गेला की मेंदूकडून लाळेच्या ग्रंथीला निरोप जातो: लाळ सोड. तो निरोप नेणारे धागे ऑपरेशनमध्ये कापले जातात. त्याच वेळी वरच्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथींकडे जाणारे धागेही तुटतात. नसेचे धागे पुन्हा वाढतात, पण दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. वाढत वाढत लाळेचे धागे कातडीपर्यंत पोहोचतात आणि मोकळ्या पडलेल्या घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. दोन्ही ठिकाणी निरोप पोहोचवणारं रसायन एकच, एसिटिलकोलीन, त्यामुळे घामाच्या ग्रंथीला निरोप परका वाटत नाही. आज्ञा लाळेची, बाहेर पडतो घाम. शिवण उसवली नव्हती तर! तुटलेले धागे जुळले होते, फक्त भलत्या जागी. हा त्रास महिन्यांनी, कधी तर वर्षांनी सुरू होतो, म्हणून त्याचा ऑपरेशनशी संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. ऑपरेशनच लागतं असंही नाही. त्या जागेला मार लागणं, जबड्याचं हाड मोडणं, ग्रंथीत पू होणं, यांनंतरही हे होऊ शकतं.

चिमट्याने प्रसूती झालेल्या काही बाळांना वरचं खाणं सुरू झाल्यावर घास घेताच एका गालावर कानाच्या दिशेने लाल पट्टा उठतो आणि थोड्या वेळात जातो. घाम बहुधा नसतोच. घरचे समजतात अमुक पदार्थ बाधला, आणि एकेक पदार्थ बंद करत जातात. वाढत्या वयात बाळाला विनाकारण उपाशी ठेवल्यासारखंच हे. लाली नेहमी त्याच जागी येते का, अंगावर गांधी उठतात का, उलटी किंवा धाप आहे का, एवढं नीट बघून बालरोगतज्ज्ञांना सांगितलं तर उलगडा लवकर होईल. असा लाल पट्टा बहुतेक मुलांमध्ये आपोआप कमी होत जातो.

आता माझ्या दादाचं. त्याला मधुमेह होऊन वीस वर्षं झाली, इन्शुलिन चालू आहे. त्याला घाम यायचा तो दोन्ही बाजूंनी: कपाळ, गाल, मान, कधी छातीपर्यंत, आणि तोही पहिल्या काही घासांतच. इन्शुलिन घेणाऱ्याला घाम म्हटलं की एकच शिकवलेलं असतं, साखर उतरली. दादा ताटावरून उठून ग्लुकोज खायचा. घाम थांबायचा (जेवणही थांबलेलं असायचं ना), आणि त्याची खात्री पटायची. तिमाही तपासणीत साखर मात्र दर वेळी चढलेली. माझं निदान झाल्यावर मी त्याला म्हटलं, दादा, एकदा घाम आला की आधी बोट टोचून बघ. आकडा आला १९४. दुसऱ्या दिवशी १७८. म्हणजे साखर उतरलेली नव्हतीच.

घाम, रक्तदाब अशी कामं आपोआप चालवणाऱ्या नसांना मधुमेहात इजा झाली की असा घाम येतो. पीटर वॉटकिन्स या डॉक्टरांनी १९७३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये याविषयी लिहिलं आहे. म्हणजे दादाचा घाम नुसता घाम नव्हता, ती आतल्या नसांची खबर होती. त्याच्या डॉक्टरांनी मग लघवीतून प्रथिनं जातात का ते पाहिलं, पावलांची संवेदना तपासली, उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो का ते मोजलं. मूत्रपिंडावर परिणाम सुरू झालेला होता, औषधं बदलली. वहिनी अजून म्हणते, हे दोन वर्षं आधी कळायला हवं होतं. तिचं बरोबर आहे.

इथे एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहायला हवी. इन्शुलिन घेणाऱ्याने घामाकडे दुर्लक्ष करावं असं मी म्हणत नाही. आधी साखर मोजावी. मोजायची सोय नसेल किंवा हात थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळल्यासारखं होणं असं काही असेल, तर साखर उतरली असंच धरून चालावं. आणि छातीत दाब, धाप, गार घाम असेल तर तो जेवताना आलेला असला तरी घरी विचार करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं.

तिखटाचा घामही खराच असतो. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांनाच चेतवतं, शरीराला वाटतं अंग तापलं, आणि कपाळ, नाक, वरचा ओठ दोन्ही बाजूंनी सारखे घामेजतात. तिखट थांबलं की घाम थांबतो. याला उपचार लागत नाहीत. पण एका बाजूचा घाम, बेचव खाण्यानेही येणारा घाम, नव्याने सुरू झालेला घाम, हे त्यात बसत नाहीत. हातांच्या घामासाठी छातीतल्या नसेचं ऑपरेशन केलेल्यांनाही पुढे जेवताना चेहऱ्यावर घाम येऊ शकतो. चेहऱ्यावर नागीण होऊन गेल्यानंतरही असं झाल्याची उदाहरणं आहेत.

उपचार आहेत, हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! ज्यांना त्रास थोडा आहे त्यांना काही न करताही चालतं. हा आजार जिवावरचा नाही. घाम रोखणारं ॲल्युमिनियम क्लोराइड लावता येतं, मात्र कातडी पूर्ण कोरडी हवी आणि डोळ्यांपासून लांब. ग्लायकोपायरोलेट नावाचं औषध मलम म्हणून मिळतं. दादाला त्याचाच उपयोग झाला. काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मी बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं घेतली. पुन्हा तीच आयोडीनची तपासणी, काळ्या आकारावर पेनने चौकडी आखली आणि साधारण सेंटिमीटरभर अंतरावर कातडीत बारीक सुया दिल्या. शिवणाच्या कागदावर टिंबं मारतात तसंच अगदी. हे औषध एसिटिलकोलीनचा निरोपच अडवतं. आठवडाभरात गाल कोरडा झाला. परिणाम कायमचा नसतो, काही महिन्यांनी, कुणाकुणाचा वर्षभराने ओसरतो, तेव्हा पुन्हा घ्यावं लागतं. सुई खोल गेली तर चेहऱ्याचा स्नायू काही दिवस ढिला पडू शकतो, म्हणून हे जाणकार हातांनीच व्हावं.

माझी विनंती दोघांना आहे. कानाखालच्या गाठीचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी घरी सोडतानाच्या कागदावर एक ओळ लिहावी: पुढे कधी जेवताना या गालावर घाम आला तर घाबरू नका, दाखवायला या. एवढी ओळ माझ्या कागदावर असती तर ते सव्वा वर्ष मी मुलीसमोर बसून जेवले असते. आणि आपण पुरवणीच्या पुढच्या अंकात तिखटाच्या त्या वाक्याच्या शेजारी घाम कोणत्या बाजूला येतो, केव्हापासून येतो आणि काय खाल्ल्यावर येतो, हे तीन प्रश्न छापावेत. शेजारच्या दवाखान्यात मी ‘जेवताना घाम येतो’ एवढंच सांगितलं होतं. ‘उजव्या बाजूलाच’ हा शब्द माझ्याकडूनही राहिला होता.

माझ्या इंजेक्शनांना आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात आंबट खाताना पाळीच्या खाली पुन्हा थोडा ओलावा लागला. मुलीने सांगितलं, मी रुमालाने टिपला आणि जेवण पूर्ण केलं. पुढच्या महिन्याची तारीख घेऊन ठेवली आहे, कटिंगचा तो जुना कागद सोबत नेणार आहे.

आपली नम्र,
एक वाचक