मी खुशाल आहे

मूर, ओक्लाहोमा, अमेरिका
२६ मे

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मंगळवारी फोन लागला नाही, कारण मी शेल्टरमध्ये होतो. गॅरेजच्या फरशीखाली पोलादी खोली पुरलेली आहे, तिथे रेंज येत नाही. वावटळ, म्हणजे टोर्नेडो, आमच्याकडे आलीच नाही.

बाबा, हे समुद्रावरचं चक्रीवादळ नव्हे. दक्षिणेच्या आखातावरचा दमट वारा आणि पश्चिमेचा कोरडा वारा या मैदानात भिडतात. आभाळ आपल्या वळवासारखंच भरून येतं, पण कधीकधी ढगातून सोंड खाली उतरते.

इथे दर शनिवारी दुपारी बाराला भोंगे वाजतात. पहिल्यांदा मी घाबरून दारात आलो, तर समोरच्या आजी शांतपणे झाडांना पाणी घालत होत्या. ती चाचणी असते. आभाळ काळं असेल त्या शनिवारी चाचणी करत नाहीत, लोकांचा गोंधळ नको म्हणून. म्हणजे उन्हात बाराला वाजला तर चाचणी, ढगाळ दिवशी वाजला तर खरा. तो ऐकला की मी लगेच खाली उतरतो. शपथ.

कुणाकडून अर्धवट ऐकाल, म्हणून मीच सांगतो. २० मे २०१३ ला याच गावावरून जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीची वावटळ गेली. २४ माणसं गेली, त्यांत एका शाळेतली सात मुलं. त्या शाळेत शेल्टर नव्हतं. इशारा सोळा मिनिटं आधी मिळाला होता, पण मुलांनी जायचं कुठे? नवी शाळा शेल्टरसकट बांधली आहे. तिच्यावरून जाताना माझ्याच्याने अजून वर बघवत नाही.

हे गाव का निवडलं, असं आई विचारते. नॉर्मन शहरातलं माझं ऑफिस जवळ आहे आणि भाडं परवडतं. धोक्याचं म्हणाल, तर २०१९ च्या ऑगस्टात खानापुरात आपली परसाकडची भिंत रात्रीत बसली, तेव्हा कुठला भोंगा वाजला होता? बाबा एकटे पत्रा धरून उभे होते आणि मी इथे परीक्षा देत होतो.

मी ८० हजार रुपये पाठवले आहेत. ते ताईच्या लग्नाला काढू नका, भिंतीचे आहेत. चिऱ्याची बांधा, मातीची नको. निपाणीचं स्थळ मला पसंत आहे. मुहूर्त डिसेंबरात धरलात तर मी येईन. त्यांना घाई असेल तर माझ्यासाठी अडू नका, ताईला मी फोनवर समजावीन. माझ्या लग्नाचं पुढच्या वर्षी बघू.

पाऊस दोन आठवड्यांवर आला. भिंत होईपर्यंत आजीला त्या भिंतीच्या खोलीत झोपवू नका.

तुमचा,
बाळू