आधी सिरीज बल्ब, मग स्कोप

महोदय,

चवथ जवळ आली की डिचोली-साखळी भागातल्या भजनी मंडळांचे ॲम्प्लिफायर माझ्या टेबलावर येऊ लागतात. यंदा त्यांच्याबरोबर आयटीआय करून नुकतीच दुरुस्तीला लागलेली मुलेही आली. प्रश्न सगळ्यांचा एकच, ‘काका, स्कोप कुठला घेऊ?’ स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे यंत्र. एक जण तर त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढायला निघाला होता. म्हणून हे पत्र.

मुलांनो, कर्ज काढू नका. सगळ्यात आधी लागणारी वस्तू घरीच होते. लाकडी फळीवर एक सॉकेट, एक होल्डर आणि त्यात शंभर वॅटचा तारेचा बल्ब, फेजच्या वायरीत सिरीजने. दुरुस्त केलेला ॲम्प्लिफायर पहिल्यांदा यातूनच चालू करायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि तसाच राहतो. नसेल तर फिल्टर कॅपॅसिटर भरेपर्यंत क्षणभर उजळतो आणि मंदावतो. दुकानदार एलईडी पुढे करतो, तो इथे चालत नाही. तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, त्यावरच हे सगळे उभे आहे. सुरुवातीला मला हे कोणी सांगितले नव्हते. 3055 ट्रान्झिस्टरची नवी जोडी बसवली, थेट 230 व्होल्टवर स्विच टाकला, दोन्ही गेले. पुन्हा जोडी आणली, पुन्हा तेच. त्यांना चालवणारा मागचा ड्रायव्हर ट्रान्झिस्टरच शॉर्ट होता. आठवड्याची कमाई त्यात गेली.

मल्टिमीटरवर मात्र काटकसर नको. अगदी स्वस्त मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकाशी ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे आत फ्यूज नाही, असे छापलेले असते, ते वाचा. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लायच्या, मोठ्या कॅपॅसिटरवर तीनशेहून जास्त व्होल्ट असतात, तिथे तसला मीटर हातात धरायचा नाही.

सोल्डरिंगसाठी 25 वॅटचे साधे सोल्डरिंग आयर्न छोट्या कामाला पुरते. पण जाड ग्राउंडचा जोड त्याने वितळत नाही, मग मुले दाबून धरतात आणि बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडते. तापमान लावता येणारे घ्या, 350 अंशांच्या आसपास ठेवा. सोल्डरची वायर 60-40 (कथील-शिसे), आत राळ असलेली. पत्र्याच्या डब्याला डाग देतात ते ॲसिड बोर्डाला लावू नका. गेल्याच आठवड्यात एका मंडळाचा ॲम्प्लिफायर उघडला, तर माइकच्या जॅकजवळची तांब्याची पट्टी हिरवी होऊन तुटली होती. आधीच्या कोणीतरी ॲसिड वापरले होते, आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेने उरलेले काम केले.

स्कोप नाही म्हणून तपासणी अडत नाही. स्पीकर लावण्याआधी आउटपुटला डीसी किती आहे ते मीटरवर पाहा, काही मिलिव्होल्टच हवे. मग स्पीकरऐवजी 8 ओहमचा मोठा वायरवाउंड रेझिस्टर लावा आणि मोबाइलच्या टोन ॲपमधून 400 हर्ट्झ द्या. स्वस्त मीटर त्याच्या फार वर गेला की चुकीचे आकडे दाखवतो. रेझिस्टरवर 20 व्होल्ट एसी मिळाले तर वीस गुणिले वीस भागिले आठ, म्हणजे 50 वॅट झाले.

ॲम्प्लिफायर आतल्या आत ऑसिलेट होऊ लागला, म्हणजे इनपुट नसतानाही स्वतःच लहरी काढू लागला, की मग स्कोपच लागतो. पण तसे काम रोज येत नाही. सरकारी आयटीआयमधल्या स्कोपवर माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक दुपार बसू द्यावे, एवढीच संबंधितांना विनंती. चवथीपूर्वी सुरू झाले तर अनेक मंडळांची कामे गावातच होतील.

आपला,
एक ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा,
डिचोली