तांब्याला टेकणारी हत्यारे

नागपूर

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या पत्रातील प्रश्नाचे उत्तर फोनवर घाईघाईने देण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. बाजारात हातोड्या मिळतात, पंच मिळतात, इतवारीच्या लोहा ओळीत लोखंडाचे म्हणून जे जे असते ते सगळे मिळते. मग नोकरी सांभाळून तांब्याचे काम शिकणारी मुलगी त्यातला निम्मा वेळ हत्यारे घडवण्यात का घालवते, असे तुम्ही विचारले आहे. आईने त्याच पत्राच्या कडेला हात भाजतात का, एवढेच विचारले आहे. दोघांनाही नीट उत्तर देते.

आधी काम काय आहे ते सांगते. २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा तांब्याचा सपाट पत्रा घेऊन त्याची गोल चकती कापायची आणि कुठेही सांधा न लावता, केवळ ठोकून तिचा वाडगा किंवा लोटा करायचा. त्याचे दोन मार्ग आहेत. बाभळीच्या ओंडक्यात कोरलेल्या खळग्यावर चकती ठेवून आतून ठोकले, की ती खोलगट होते; पण त्यात धातू ताणला जातो आणि मधोमध पातळ पडतो. दुसरा मार्ग संथ आहे आणि मला तोच अधिक आवडतो. चकती पोलादी खुंटावर तिरकी धरायची, ती खुंटाला जिथे टेकते त्याच्या जरासे वर, जिथे खाली पोकळी असते तिथे, बाहेरून घाव घालायचा आणि चकती फिरवत एकेक फेरा पूर्ण करायचा. प्रत्येक फेऱ्यात घेर थोडा आवळतो, भिंत उभी राहत जाते आणि काठ पातळ होण्याऐवजी जाड होत जातो. ठोकल्याने पत्रा पसरतो एवढेच आपल्याला ठाऊक असते. ठोकून तो गोळा करता येतो, दाटही करता येतो, हे पहिल्यांदा हाताला कळले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

ठोकता ठोकता तांबे कडक होत जाते. सुरुवातीला घावाचा आवाज बोदा येतो, मग तो हळूहळू खणखणीत होतो आणि हातोडी उसळी घेऊन परत येऊ लागते. मी ज्यांच्याकडे शिकते ते काका मूळचे भंडाऱ्याचे. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या गावात त्यांची हयात ठोकण्यात गेली. ते पाठमोरे बसलेले असले तरी केवळ आवाजावरून "आता थांब, भाजून घे" असे सांगतात. त्यानंतरही ठोकत राहिले तर काठाला चीर जाते. म्हणून भांडे मंद लाल होईपर्यंत तापवायचे, की धातूतील ताणलेले कण पुन्हा नव्याने जुळून येतात आणि तांबे मऊ होते. हा मंद लाल रंग उजेडात दिसत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात संध्याकाळी सातपर्यंत प्रकाश असतो आणि त्या प्रकाशात लाल दिसेपर्यंत थांबले तर तांबे गरजेपेक्षा फार तापलेले असते. त्यामुळे आमचे भाजण्याचे काम अंधार पडल्यावरच चालते, आणि नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत तर रात्रीशिवाय शेगडीजवळ उभे राहणेही शक्य नसते.

आता तुमचा प्रश्न. मऊ झालेल्या तांब्यावर हातोडीचा जो भाग टेकतो, त्याची जशीच्या तशी छाप तांबे घेते. खिळे ठोकण्याच्या हातोडीचे तोंड सपाट आणि कडा धारदार असते. ती किंचित तिरकी पडली तरी पत्र्यावर चंद्रकोरीसारखा काप उमटतो आणि तो पुढे कितीही ठोकले तरी पूर्णपणे जात नाही. म्हणून तोंडाला अगदी हलका फुगवटा द्यावा लागतो, कडा गोल माराव्या लागतात आणि मग कानस, पॉलिश पेपर, शेवटी कापडावरची पॉलिशची वडी असे करत ते आरशासारखे चकचकीत करावे लागते. आई, पाटा गुळगुळीत झाला की तू टाकी लावणाऱ्याला बोलावून तो खडबडीत करून घेत होतीस. इथे नेमके उलटे आहे, हत्यारावर एक ओरखडा राहिला तर तो भांड्यावर शंभर ठिकाणी दिसतो. फुगवटा किती असावा, हे भांड्याच्या गोलाईवर ठरते. अरुंद गळ्याच्या लोट्यासाठी लागणारा खुंट पसरट वाडग्याला चालत नाही. जे भांडे माझ्या मनात आहे, त्याच्या वळणाचा खुंट दुकानात तयार असणार नाही, कारण ते भांडे अजून कुणी केलेलेच नसते. ऐरण, शिकंजा, कानशी, गॅसची बत्ती हे सगळे मी विकतच आणले आहे आणि ते विकतच आणावे असे माझे मत आहे. जे तांब्याला थेट टेकते, तेवढे मात्र स्वतः घडवायचे, अशी रेघ मी आखून घेतली आहे.

उठावाच्या नक्षीला लागणारी कलमे, म्हणजे हातोडीने ठोकायच्या छोट्या पोलादी दांड्या, यात सर्वांत नाजूक. विटेची भुकटी आणि थोडे तेल घालून वितळवलेल्या राळेवर पत्रा बसवायचा आणि मागच्या बाजूने कलमाने ठोकून पाने-वेली उठवायच्या. मग पत्रा काढून, उलटा बसवून, समोरून रेषा ठसठशीत करायच्या. राळ खालून आधारही देते आणि दबतेही, म्हणून पत्रा फाटत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात ही राळ इतकी सैल पडते, की भुकटी वाढवावी लागते, आणि डिसेंबरात तीच राळ तडकू नये म्हणून तेल जास्त घालावे लागते. सराफ्यात कलमे मिळतात, पण ती चांदीच्या पातळ पत्र्यावरच्या बारीक कामासाठी केलेली असतात. मला हवी असलेली पळसाच्या पानाची रुंद, गोलसर शीर त्यांनी उठत नाही.

बाबा, हा पुढचा भाग तुम्ही सावकाश वाचावा, कारण तुमचे सारे आयुष्य जिनिंग-प्रेसिंगच्या यंत्रांमध्ये गेले आहे आणि पोलाद तुम्हाला माझ्याहून अधिक कळते. झिजलेली जुनी कानस कलमांसाठी उत्तम, कारण तिच्यात कार्बन भरपूर असतो. ती लाल करून राखेत पुरायची आणि रात्रभर सावकाश निवू द्यायची, म्हणजे ती कापण्याइतकी मऊ होते. मग तिचे दाते पूर्ण घासून काढायचे. एक जरी दाता राहिला तरी पुढे पाणी देताना, म्हणजे तापवून बुडवून कडक करताना, तिथूनच तडा जातो. हवा तो आकार दिला, की टोक पुन्हा तापवायचे. किती तापवायचे, यासाठी काकांनी लोहचुंबक शिकवले: सुमारे ७७० अंश सेल्सियसला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते, त्याहून किंचित पुढे नेऊन ते तेलात बुडवायचे. तांबे लाल करून पाण्यात बुडवले तर मऊच राहते आणि पोलाद तसेच बुडवले तर काचेसारखे होते, हा दोन धातूंच्या स्वभावातला फरक मला अजूनही थक्क करतो.

पण इतके कडक कलम पहिल्याच घावाला तुटेल, म्हणून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. टोक घासून पांढरे करायचे आणि कलम मधोमध मंद आचेवर धरायचे. थोड्या वेळाने मधल्या भागात फिकट पिवळा रंग उमटतो, त्यामागून तपकिरी, जांभळा आणि मग निळा, आणि हे पट्टे एकामागे एक टोकाकडे सरकू लागतात. फिकट पिवळा म्हणजे साधारण २२० अंश, निळा म्हणजे ३०० च्या आसपास. पिवळा टोकाशी पोहोचून तपकिरीकडे झुकला, की त्याच क्षणी कलम पाण्यात सोडायचे. टोक टणक राहते, मधला भाग चिवट होतो आणि ज्या बाजूवर हातोडी पडते ती बाजू मुद्दाम मऊच ठेवायची असते, नाहीतर तिचे तुकडे डोळ्यांत उडतील. विळ्याला पाणी देताना लोहार काय पाहत असतो, असे मी लहानपणी तुम्हाला विचारले होते, तेव्हा तुम्ही "रंग" एवढेच सांगितले होते. तो रंग आता मी स्वतः पाहते.

हे काम आपल्या भागाला नवे नाही, हेही मला इथेच राहून कळले. नागपूरजवळच्या माहुरझरीला जी लोहयुगातील शिळावर्तुळे आहेत, त्यांच्या उत्खननात घोड्यांचे लोखंडी लगाम आणि त्यांच्या मस्तकावर बांधण्याची तांब्याच्या पत्र्याची आभूषणे मिळाली. पारशिवनी तालुक्यातील नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी याच मातीत लोखंड गाळणारे होते आणि तांब्याचा पत्रा ठोकणारेही होते. तांबे ठोकणाऱ्याच्या हातात हत्यार कोणते असेल आणि ते त्याला कुणी घडवून दिले असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

आई, तुझ्या काळजीचे म्हणशील तर कामाच्या वेळी मी चष्मा लावते, कानांत बोळे घालते, सुती कपडे घालते आणि ओढणी बाजूला ठेवते. भाजल्यावर भांड्यावर येणारी काळी पापडी काढायला बहुतेक जण पाण्यात घातलेले गंधकाम्ल वापरतात. मी लिंबूसत घातलेले कोमट पाणी वापरते, वेळ अधिक लागतो पण हात सुरक्षित राहतात. पितळ मी वितळवत नाही, त्यामुळे जस्ताच्या धुराचा प्रश्न येत नाही. घट्टे मात्र पडले आहेत आणि ते राहणारच.

परवा फोनवर तू म्हणालीस, की माळ्यावरची जुनी भांडी मोडीत देऊन त्या बदल्यात स्टीलचे डबे घेणार आहेस. तुझ्या घरातील वस्तूंचा निर्णय तुझाच आहे आणि माळा मोकळा व्हावा हे मलाही पटते. तरीही मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक भांडे उजेडात फिरवून बघ, एवढी विनंती आहे. ज्याच्या अंगावर एकात एक गोल बारीक रेषा दिसतात ते यंत्रावर फिरवून केलेले आहे, ते खुशाल दे. ज्यावर छोटे छोटे चपटे ठसे दिसतील आणि त्यांतले कोणतेही दोन अगदी सारखे नसतील, ते हाताने मठारलेले, म्हणजे हातोडीच्या हलक्या घावांनी सारखे केलेले आहे. ते ठसे केवळ शोभेचे नाहीत. भाजून मऊ झालेल्या भांड्याला शेवटी मठारून पुन्हा कडक करतात, म्हणूनच पातळ पत्र्याचा हंडासुद्धा डोक्यावरून आणताना चेपत नाही. आजीच्या गुंडाच्या, त्या पाण्याच्या भांड्याच्या पोटावर बोट फिरवलेस तर दातांसारखी एक वळणाची रेघ लागेल; तो दोन भाग एकमेकांत अडकवून डाग दिलेला सांधा आहे. तसा सांधा मला अजून जमत नाही आणि तो शिकण्यासाठी ते भांडे मला समोर हवे आहे.

त्याला आतून कल्हई आहे, म्हणून कुणालाही ते आचेवर धरू देऊ नकोस. कल्हईचे कथील २३२ अंशांनाच वितळते आणि भांडे त्याहून फार तापले तर हे कथील तांब्यात मुरून पत्रा खराब करते. चेपलेली जागा तशीच राहू दे, मी आल्यावर आतून खुंट घालून थंडच उचलते.

बाबा, तुमच्या पेटीतील झिजलेल्या कानशी भंगारात देऊ नका. विशेषतः ती लांब, अर्धगोल कानस मला हवी आहे. त्यांना तेलाचे फडके गुंडाळून ठेवा. पुढच्या महिन्यात हिंगणघाटला येईन तेव्हा गुंड आणि कानशी दोन्ही घेऊन जाईन, आणि येताना लोहचुंबक व बत्ती सोबत आणीन, म्हणजे एका कलमाला अंगणातच तुमच्यासमोर पाणी देता येईल.

तुमची लेक,
मंजू