सायली, गाळ्याच्या कागदांवर सही करायच्या आधी

सायली,

काल फोनवर तू गाडीत होतीस, आवाज पण तुटत होता, म्हणून लिहितोय. सावकाश वाच.

नोकरी सोडून रबाळेला गाळा भाड्याने घेऊन पॅनल बॉक्सचं (विजेच्या स्विचगिअरसाठीच्या पत्र्याच्या पेट्यांचं) फॅब्रिकेशन सुरू करतेयस याला माझा अजिबात विरोध नाही, आईलाही समजावलंय मी. कामात तू तयार आहेस, त्यात मी काय सांगणार. मला काळजी आहे ती वसुलीची. वागळे इस्टेटला एवढी वर्षं अकाउंट्समध्ये काढली, तिथे छोटे व्हेंडर डिलिव्हरी चलनांची फाइल मांडीवर घेऊन रिसेप्शनला बसलेले असायचे. माल कधीचाच उतरलेला, क्वालिटीवाल्यांनी ओके केलेला, आणि उत्तर काय तर साहेब बाहेर आहेत, पुढच्या आठवड्यात बघू. त्यातल्या एकाने हातात भरपूर काम असताना प्रेस मशीन विकलं, का तर कामगारांचा पगार करायला पैसे नव्हते. चांगला कारागीर होता गं.

त्यात जीएसटी बिल फाडलं की भरावाच लागतो, पार्टीने पैसे दिले असोत नसोत. पत्रेवाला रोख मागणार, पार्टी तीन महिने लावणार, मधलं सगळं तुझ्या खिशातून. म्हणून सगळं भांडवल मशीनमध्ये घालू नकोस. बेंडिंग, म्हणजे पत्रा वाकवायचं काम, सुरुवातीला बाहेरून जॉबवर्कवर (मजुरी देऊन) करून घेतलंस तरी चालेल.

उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघु उद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्या बिलाच्या आधी काढ. आधार-पॅनवर ऑनलाइन होतं आणि फुकट आहे, पैसे मागणाऱ्या एजंटच्या आणि बनावट साइटच्या नादी लागू नकोस. नंतर काढून जुन्या बिलांना लावू या भरवशावर तर राहूच नकोस. 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावंच लागतं, पीओवर (त्यांच्या खरेदी ऑर्डरवर) 90 दिवस छापलेलं असलं तरी, आणि लेखी काही ठरलंच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. शिवाय आता इन्कम टॅक्सच्या नियमाने मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही, त्यामुळे मार्च आला की त्यांचेच अकाउंट्सवाले तुला फोन करतील. बिलावर उद्यम नंबर ठळक छाप.

पैसे थकले तर सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, निकाल 90 दिवसांत लागावा असं कायद्यात आहे पण प्रत्यक्षात रेंगाळतं, आणि ज्या पार्टीवर तक्रार केली तिची पुढची ऑर्डर बहुतेक गेलीच म्हणून समज. त्यापेक्षा मोठी कंपनी असेल तर ट्रेड्सवर (बिलांवर बँकेकडून आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर) आहे का ते आधीच विचार, 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना तिथे नोंदणी सक्तीची केलीय. त्यांनी तुझं बिल तिथे मंजूर केलं की थोडा डिस्काउंट कापून बँक लगेच पैसे देते आणि नंतर त्यांच्याकडून वसूल करते, त्यांनी बुडवलं तरी तुझ्या मागे येत नाही.

कर्जाचं म्हणशील तर पीएमईजीपीत (नवीन उद्योगाला कर्जावर सबसिडी देणाऱ्या केंद्राच्या योजनेत) उत्पादनाला 50 लाखांपर्यंत प्रोजेक्ट बसतो, शहरी भागात महिलांना 25 टक्के सबसिडी आणि स्वतःचे 5 टक्के. पण फक्त नवीन युनिटला, म्हणजे आधी मशीन लावून मग अर्ज केलास तर गेलं. सबसिडी तीन वर्षं बँकेत अडकून असते, ती हातात आलीच असं धरून हिशोब करू नकोस. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या काय चालू आहे ते स्वतः विचार. रबाळेलाच ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, तिथे जुन्या लोकांशी बोल, कुठली पार्टी पैसे लटकवते हे तेच सांगतील, कागदावर कुठे मिळत नाही ते.

गाळ्याच्या मालकाला घाई असू दे, तू करू नकोस. शनिवारी लीव्ह अँड लायसन्सचा (भाडेकराराचा) ड्राफ्ट घेऊन घरी ये. त्याने एमआयडीसीची सब-लेटिंगची (गाळा दुसऱ्याला भाड्याने द्यायची) परवानगी घेतलीय का आणि मीटरला किती लोड (वीजभार) सँक्शन आहे, दोन्हीची झेरॉक्स सोबत आण. त्याच्याकडे नसेल तर डिपॉझिट देऊ नकोस, मी येतो तुझ्याबरोबर त्याच्याशी बोलायला.

बाबा